मतपत्रिका कुणी छापायची?

वृत्तपत्राचा मालक आणि सत्ता हा वाद आपल्याकडे दर निवडणुकीला पेटतो आणि दर वेळी त्याच दोन गल्ल्यांत जाऊन थांबतो. एक बाजू म्हणते, मालक लोकांची डोकी फिरवतात, पहिल्या पानावर जे येतं तेच मतपेटीत उतरतं. दुसरी म्हणते, वाचक दूधखुळा नाही, तो पेपर एकाचा वाचतो आणि मत दुसऱ्यालाच देऊन येतो. गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयातल्या परिसंवादात हेच झालं. दोन तास मथळ्यांची कात्रणं फिरली, जुन्या ध्येयवादी संपादकांच्या आठवणी निघाल्या, डोळे पाणावले. पण तो पेपर छापणारं यंत्र कुणाच्या पैशावर फिरतं, हे एकाही वक्त्याने विचारलं नाही.

तरुणपणी सात वर्षं मी तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकाच्या छापखान्यात जुळारी होतो, छपाईची शिशाची अक्षरं म्हणजे खिळे जुळवायचो. मालक अग्रलेख रात्री घाईघाईने लिहायचे, त्याचं मुद्रित बघायला कुणाला वेळ नसायचा. पण एखादी ‘जाहीर नोटीस’ आली की तेच मालक चष्मा पुसून माझ्या शेजारी उभे राहायचे. गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा असा एकेक खिळा नजरेखालून जायचा. अंक त्या नोटिशीवर निघायचा. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मालकाची राजकीय ताकद अग्रलेखात शोधणं ही चूक आहे. त्याच्या छापखान्यात आणखी काय काय छापलं जातं, त्याचं बिल कोण भागवतं आणि त्या बिलाच्या बदल्यात कुणाची नेमणूक होते, तिथे ती सापडते. हे ज्याच्या आयुष्यात लख्ख दिसतं असा माणूस एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव थर्लो वीड.

वीड १७९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गरीब घरात जन्मला. लहानपणी हडसन नदीवरच्या बोटींवर पोऱ्या म्हणून राबला, पुढे छापखान्यात उमेदवारी केली. शाळा जवळजवळ नाहीच. फ्रेंच राज्यक्रांतीचं एक पुस्तक उसनं आणायला तो पायांना सतरंजीच्या चिंध्या गुंडाळून बर्फातून चालत गेला आणि मेपलच्या झाडांचा रस आटवणाऱ्या भट्टीच्या उजेडात त्याने ते वाचून काढलं. म्हातारपणी त्याने स्वतःच हे सांगितलं आहे. या माणसाबद्दल पुढे जे कडक लिहिणार आहे ते लिहिताना ही आठवण मी बाजूला सारू शकत नाही. तो श्रीमंताचा लाडावलेला मुलगा नव्हता. खिळे जुळवता जुळवता सत्ता कशी जुळवायची हे शिकलेला तो कारागीर होता.

१८२६ मध्ये बटाव्हिया गावचा विल्यम मॉर्गन हा फ्रीमेसन पंथाची गुपितं छापायला निघाला आणि त्याला पळवून नेण्यात आलं. तो पुन्हा दिसला नाही. त्यावरून उसळलेल्या संतापातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला. रॉचेस्टरला पत्र चालवणारा वीड त्या पक्षाचा आवाज झाला, आणि मार्च १८३० मध्ये राज्याच्या राजधानीत ‘ऑल्बनी इव्हनिंग जर्नल’ सुरू झालं तेव्हा त्याचा संपादक. तिथे तो १८६३ पर्यंत बसला. या तेहतीस वर्षांत पक्ष बदलत गेले, आधी मेसनविरोधी, मग व्हिग, शेवटी रिपब्लिकन, पण खुर्ची तीच राहिली. विधिमंडळात तो फक्त दोनदा निवडून गेला, त्यापलीकडे कुठलंही मोठं पद त्याने घेतलं नाही. पण १८३८ मध्ये विल्यम सिवर्डला न्यूयॉर्कचा गव्हर्नर करण्यात त्याचा हात होता आणि १८४० मध्ये हॅरिसनला व १८४८ मध्ये टेलरला व्हिग पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळण्यातही. त्या काळी एक किस्सा सांगत. सिवर्ड गव्हर्नर असताना घोड्यांच्या टपालगाडीत हाकणाऱ्याशेजारी बसून चालला होता. ‘मी गव्हर्नर आहे’ हे त्याचं म्हणणं हाकणाऱ्याला पटेना, तेव्हा दोघांनी वाटेतल्या खानावळवाल्याला विचारायचं ठरवलं. खानावळवाला सिवर्डला चांगला ओळखत होता. तो म्हणाला, नाही, हे गव्हर्नर नाहीत. मग कोण? थर्लो वीड!

ही ताकद आली कुठून? लेखणीतून, असं मानायचा मोह होतो. वीडचे चार-चार ओळींचे टोचरे परिच्छेद गाजलेले होते हे खरं, पण ते गावोगाव पोचायला एक व्यवस्था होती. १७९२ च्या टपाल कायद्यानुसार वृत्तपत्राला शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट पडायचा, तर साध्या पत्राला अंतराप्रमाणे सहापासून पंचवीस सेंट. शिवाय एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला पाठवलेला अंक फुकट जायचा. ऑल्बनीत संध्याकाळी छापलेला परिच्छेद आठवड्याभरात परगण्यांतल्या लहान पत्रांमध्ये जसाच्या तसा उतरायचा. ती लहान पत्रं तो का उतरवत? मजकूर चांगला म्हणून, आणि स्थानिक कोर्टाच्या व परगण्याच्या नोटिसा कुणाला द्यायच्या हे पक्षाची सत्ता ठरवत असे म्हणूनही. अंक वाटणारा पोस्टमास्तरसुद्धा पक्षाच्या मर्जीने नेमलेला. आपल्या विरोधी पत्राचे गठ्ठे त्याने किती तत्परतेने वाटले असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

मग सरकारी छपाई. विधिमंडळाची विधेयकं, कामकाजाचे अहवाल, खात्यांचे तक्ते हे सगळं छापायचं काम ‘राज्य मुद्रक’ म्हणून एकाला मिळायचं आणि ते मिळणं म्हणजे पत्राला बारमाही पाणी. वीडच्या आधी ते मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या गटातल्या एडविन क्रॉसवेलकडे, म्हणजे ‘ऑल्बनी आर्गस’च्या संपादकाकडे होतं. व्हिगांच्या हाती राज्य आलं आणि ते वीडकडे आलं. जनतेच्या कराच्या पैशाने सत्तेतल्या पक्षाचं पत्र पोसलं जायचं आणि ते पत्र त्याच पक्षाला पुन्हा सत्तेत आणायला झटायचं. जोडीला होत्या नेमणुका. ऑल्बनी ते बफलो ३६३ मैलांचा ईरी कालवा १८२५ मध्ये खुला झाला होता. त्यावर पथकर घेणारे, झडपांचे दरवाजे उघडणारे, डागडुजी बघणारे अशा कितीतरी जागा होत्या आणि सरकार पालटलं की त्या पालटायच्या. न्यूयॉर्कचाच सिनेटर विल्यम मार्सी १८३२ मध्ये भर सभागृहात म्हणाला होता की लूट जेत्याचीच असते. ही लूट व्हिगांच्या बाजूने कुणाच्या पानात किती वाढायची, हे वीडच्या टेबलावर ठरे.

आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जिच्याकडे या वादात कुणी बघतच नाही, ती म्हणजे मतपत्रिका. आज आपण गृहीत धरतो की मतपत्रिका सरकार छापतं. त्या अमेरिकेत तसं नव्हतं. आपापल्या उमेदवारांची नावं एका चिठ्ठीवर छापून पक्षच ती वाटत. ती पक्षाच्या पत्राच्या छापखान्यात निघे, कधी पत्राच्या पानावरच छापून येई आणि मतदार ती कापून मतपेटीत टाके. त्या चिठ्ठीला ‘तिकीट’ म्हणत. आपण ‘पक्षाचं तिकीट’ म्हणतो तो शब्द तिथूनच फिरत आला. कुणाचं नाव वर, कुणाचं गाळायचं, विरोधी यादीत आपला एखादा माणूस कसा घुसवायचा, सगळा खेळ खिळ्यांचा. वीडची पहिली मोठी करामतही हीच. १८२४ मध्ये राष्ट्राध्यक्षाला मत देणारे प्रतिनिधी, म्हणजे निर्वाचक, न्यूयॉर्कमध्ये अजून विधिमंडळ निवडत होतं. तेव्हा जॉन क्विन्सी ॲडम्स आणि हेन्री क्ले यांच्या माणसांची मिसळ केलेली यादी वीडने गुपचूप छापून आणली, ती सभागृहात अवचित पुढे आली आणि व्हॅन ब्युरेनचा डाव फसला. शेवटी ३६ पैकी २६ मतं ॲडम्सला मिळाली. त्या दिवशी कुठल्या वाचकाचं मन वळवलं होतं? वाचक त्या खोलीत नव्हताच.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप लेचेपेचे नाहीत. पहिला असा की ती पत्रं निदान प्रामाणिक होती. मी निष्पक्ष आहे असा आव ती आणत नसत, वाचकाला ठाऊक असे की हे व्हिगांचं पत्र आणि ते डेमोक्रॅटांचं. त्या जोशात लोक राजकारणात उतरले. १८४० च्या निवडणुकीत मताधिकार असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी मत दिलं. हा आकडा मला हलका वाटत नाही, आणि तटस्थतेचा बुरखा घेतलेल्या पत्रापेक्षा उघड पक्षाचं पत्र मला अधिक आवडेल. पण पक्ष जाहीर केला म्हणून पैसाही जाहीर झाला का? मथळ्याखाली उमेदवारांची नावं ठळक छापलेली असत. तिथे राज्य मुद्रणाच्या बिलाचा आकडा कधी छापलेला असे? वाचकाला मत कुणाचं ते कळत होतं. ते मत त्याच्याच करातून पोसलं जातंय, हे कुणी त्याला सांगत नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. वीडच्या यंत्राने चांगली कामंही केली. त्याच बळावर सिवर्ड निवडून आला. गव्हर्नर असताना त्याने पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने भूमिका घेतली, आयरिश स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळांसाठी स्वतःच्या पक्षाचा रोष ओढवून घेतला. पुढे न्यूयॉर्कमधले व्हिग रिपब्लिकन पक्षात नेले गेले, आणि त्या पक्षाने गुलामगिरी मोडली. यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ च्या अखेरीला वीड युरोपात गेला तो इंग्लंड-फ्रान्सचं मत उत्तरेकडे झुकवायला. गुलामगिरीविरुद्ध लढायचं तर हात थोडे मळणारच, असं कुणी म्हटलं तर त्याला मी झिडकारणार नाही. पण हिशोब पुरता मांडा. १८६० साली न्यूयॉर्क शहरातल्या घोड्यांच्या ट्रामचे परवाने विधिमंडळात गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून मंजूर झाले. त्यामागे वीड होता आणि त्या परवानेवाल्यांकडून निवडणुकीचा खर्च निघणार, असं उघड बोललं जात होतं. मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकनांच्या शिकागो अधिवेशनात सिवर्ड पहिल्या फेरीत १७३½ मतांनी पुढे होता, लिंकन १०२ वर. तिसऱ्या फेरीत लिंकन जिंकला. सिवर्डला अतिजहाल समजून घाबरणारे तिथे होते, तसेच ऑल्बनीचा हा चिखल वॉशिंग्टनला नको म्हणणारेही होते. ज्या माणसासाठी यंत्र उभं केलं, त्याच माणसाला यंत्राच्या वासाने मागे खेचलं. वीड त्या दिवशी रडला असं सांगतात. मला त्याची कणव येते, पण तो चिखल दुसऱ्या कुणी कालवलेला नव्हता.

तिसरा आक्षेप तर माझ्या मूळ म्हणण्यालाच सुरुंग लावतो: शब्दांची ताकद तुम्ही कमी लेखता. होरेस ग्रीलीच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या साप्ताहिक आवृत्तीचा खप १८६० च्या सुमारास २ लाखांपर्यंत गेला होता. गुलामगिरीविरोधी मत घडवण्यात तिचा वाटा मोठा, त्याबद्दल वादच नाही. पण लोकमत घडवणं एक आणि सत्ता वाटणं दुसरं. हा फरक ग्रीलीइतका दुसऱ्या कुणाला भोवला नसेल. १८३८ मध्ये वीडनेच त्याला प्रचाराचं साप्ताहिक चालवायला बोलावलं, १८४० मध्ये हॅरिसनसाठीही त्याने असंच पत्र चालवलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्याने सिवर्डला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि ‘सिवर्ड, वीड आणि ग्रीली’ या राजकीय पेढीतून आपण, धाकटे भागीदार, बाहेर पडत असल्याचं कळवलं. ते पत्र वाचताना पोटात तुटतं. तुम्ही गव्हर्नर झालात, तुमच्या मित्रांना वर्षाला ३ हजारांपासून २० हजार डॉलरच्या जागा मिळाल्या, मी मात्र माझ्या माळ्यावर परतलो, असं तो लिहितो. हॅरिसन निवडून आल्यावर न्यूयॉर्कचा पोस्टमास्तर म्हणून तरी माझं नाव सुचवायला हवं होतं, असंही. देशातला सगळ्यात वाचला जाणारा संपादक, आणि मनात सल कशाची, तर पोस्टमास्तरकीची! सत्ता कुठे साठते हे त्याला आतून कळलं होतं. १८७२ मध्ये तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, ग्रँटने त्याचा धुव्वा उडवला आणि महिना उलटायच्या आत तो वारला. लाखांनी वाचक होते. राज्याराज्यात चिठ्ठी वाटणारी फळी ग्रँटकडे होती.

तरीही हा एकट्या ग्रीलीचा दुर्दैवी अपवाद वाटत असेल तर वृत्तपत्रांच्या साखळीचा मालक विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट घ्या. वीडला स्वप्नातही सुचला नसता एवढा खप, चित्रं, बटबटीत मथळे. १९०५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला आणि थोडक्यात हरला. पुढच्या वर्षी गव्हर्नरच्या उमेदवारीसाठी त्याला न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटांच्या संघटनेच्या, टॅमनी हॉलच्या, त्याच चार्ल्स मर्फीशी जमवून घ्यावं लागलं, ज्याला त्याच्या पत्रांनी झोडपलं होतं. तरी चार्ल्स इव्हान्स ह्यूजने त्याला हरवलं. ऑल्बनीतल्या एका संध्याकाळच्या पत्राने गव्हर्नर घडवले आणि हर्स्टच्या अख्ख्या साखळीला एक गव्हर्नर घडवता आला नाही, याचं स्पष्टीकरण ‘लोकांची डोकी फिरवतात’वाल्यांकडे काय आहे?

उलटा पुरावा फिलमोरचा. मिलर्ड फिलमोर हा एकेकाळचा वीडचा सोबती, पण १८४९ मध्ये तो उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या नेमणुकांतून त्याला पद्धतशीर दूर ठेवलं गेलं. जुलै १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर वारला आणि फिलमोर राष्ट्राध्यक्ष झाला. आता देशातल्या सगळ्या केंद्रीय नेमणुका त्याच्या हातात. वीडला नमवायला त्याच्या गटाने काय केलं? वीडची माणसं जागांवरून काढली आणि ऑल्बनीत वीडच्या नाकासमोर दुसरं पत्र उभं केलं. वादात वीडला हरवणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. यंत्राला उत्तर यंत्राने द्यायचं, हे दोन्ही बाजू जाणून होत्या.

‘पूर्वीची पत्रकारिता ध्येयाची, आताची धंद्याची’ म्हणणाऱ्यांना मी लिंकनचं उदाहरण देईन, आणि त्या माणसाबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून देईन. मे १८५९ मध्ये लिंकनने स्प्रिंगफील्डमधल्या एका जर्मन भाषेतल्या पत्राचा छापखाना चुपचाप विकत घेतला. थिओडोर कॅनिसियस या संपादकाशी लेखी करार केला की पत्र रिपब्लिकन धोरणाचंच राहील. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कॅनिसियसला व्हिएन्नातली वाणिज्यदूताची जागा मिळाली. गुलामगिरी मोडणारा लिंकन जर हे करत होता, तर दोष माणसांच्या नियतीत शोधून काय हाती लागणार? म्हणून संपादकांच्या चारित्र्यावरची प्रवचनं ऐकली की मला तळमळ होते. ती खोटी नसतात, पण ती ऐकून लोक समाधानाने घरी जातात आणि बिल कोण भागवतं ते पुन्हा राहून जातं.

अमेरिकेत या मालकशाहीची नांगी मोडली ती कंटाळवाण्या वाटणाऱ्या कायद्यांनी. केंद्र सरकारने स्वतःचं मुद्रणालय काढलं, ते ४ मार्च १८६१ ला, लिंकनच्या शपथविधीच्याच दिवशी सुरू झालं आणि वॉशिंग्टनमधल्या पत्रांची सरकारी छपाईची मिरास गेली. वीड नोव्हेंबर १८८२ मध्ये वारला. पुढच्याच जानेवारीत केंद्रीय नोकऱ्यांसाठी परीक्षा आणणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही झाली. सही करणारा राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या नेमणुकांच्या राजकारणात वाढलेला होता. मग मतपत्रिका. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली पद्धत, म्हणजे सरकारने छापलेली, सगळ्या उमेदवारांची, आडोशाला जाऊन भरायची एकच मतपत्रिका, १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्यभर स्वीकारली. तिलाही काळी बाजू होती. छापील नावं वाचता न येणारा गरीब मतदार तिच्यापुढे अडला, आणि दक्षिणेत काळ्या लोकांना मतदानापासून तोडायला तिचा सर्रास वापर झाला. हे झाकून या सुधारणेचे गोडवे गाणं मला जमणार नाही. पण पक्षांचे कारभारी तिला का घाबरले तेही बघा. वीडच्या स्वतःच्या न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर डेव्हिड हिलने हे विधेयक १८८८ आणि १८८९ अशी लागोपाठ दोन वर्षं परत पाठवलं आणि १८९० मध्ये बरंच पातळ करून मगच त्यावर सही केली. वृत्तपत्रांनी काय लिहावं याबद्दल त्या विधेयकात अवाक्षर नव्हतं. मतदाराच्या हातातला कागद कुणाच्या यंत्रावर छापायचा, एवढंच त्यात होतं.